आजोबांच्या दुनळीने क्ले फोडण्याआधी

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले आणि कितीतरी वाड्यांतल्या दुनळ्या कपाटात पडून राहिल्या. तशी एखादी बारा बोअर वारशाने आली असेल आणि तिने क्ले, म्हणजे नेमबाजीसाठी हवेत फेकतात त्या चकत्या, फोडायच्या असतील, तर आधी कागद बघा. बंदूक तुमच्या स्वतःच्या परवान्यावर चढलेली हवी आणि काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्यायचं. नळी आखूड करायचा विचार सोडून द्या. शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो, शिवाय टोक कापलं की चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा नळीच्या टोकाचा निमुळतेपणा, तोही जातो.

मग चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या, यात हयगय अजिबात नको. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिमी असतं, आजची बरीच काडतुसं ७० मिमीची. फसगत अशी, की हा आकडा उडाल्यावर उलगडलेल्या काडतुसाचा. भरलेलं काडतूस त्याहून आखूड, त्यामुळे ते ६५च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं. उडताना मात्र त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या पोलादात लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुन्या पद्धतीची नळी. ती बंदूक जपून ठेवा, उडवू नका. नळ्या सुट्या करून बोटावर टांगा आणि टिचकी मारा. घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटलेला असू शकतो.

चोक कोरून मोकळा करायची घाई सगळ्यांनाच होते. जुन्या दुनळीची डावी नळी पुष्कळदा फुल चोकची असते, म्हणजे ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे. स्कीट या क्ले-नेमबाजीच्या प्रकारात क्ले त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर फुटतात. तिथे परातीएवढा पसारा हवा असताना ताटलीएवढा पडतो, आणि क्ले तर जेमतेम ११० मिमीचं. तरीही आधी मोठ्या कागदावर दोन्ही नळ्यांचे पाच-पाच बार काढून पाहा. कोरायचंच ठरलं तर नळीची जाडी मोजल्याशिवाय हत्यार लावू देऊ नका. पोलादी छर्रे या नळ्यांना नकोतच.

माझ्या मते खरा फरक दस्त्याने पडतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग उघडा. डोळा नळ्यांमधल्या पट्टीच्या मागे सरळ रेषेत आला पाहिजे. गाल खाली जात असेल तर दस्त्यावर चामड्याची पट्टी बांधा. दस्ता आखूड वाटला तर खांद्याकडे चढवायचा रबरी पॅड लावा. दोन्ही काढता येतात आणि आजोबांचं अक्रोडाचं लाकूड शाबूत राहतं. पंचवीस बारांच्या फेरीत नळ्या तापतात, म्हणून डाव्या हातासाठी चामड्याची म्यानासारखी पकड घ्या.

गॉगल, कानावरचे मफ पिशवीत टाका. पहिल्या दिवशी एकच फेरी करा. गालाला मार बसला तर घरी येऊन चामड्याची पट्टी थोडी पातळ किंवा जाड करून पाहा.