प्रोसेसलेस प्लेटची छपाई कशी तपासावी

प्रोसेसलेस प्लेट, म्हणजे रसायनांनी वेगळी धुवावी न लागणारी ऑफसेट छपाईची प्लेट, सीटीपीतून (संगणकावरून थेट प्लेटवर प्रतिमा उमटवणाऱ्या यंत्रातून) निघाली की थेट छपाईच्या मशीनवर चढते. बहुतेक प्लेटमध्ये ८३० नॅनोमीटरचा लेझर जेथे पडतो तेथील थर कडक होतो आणि उरलेला थर छपाईच्या सुरुवातीला पाणी व शाईबरोबर सुटून कागदावर निघून जातो. प्लेटवरची प्रतिमा अगदी फिकट असल्याने नेहमीच्या प्लेट रीडरने (प्लेट मोजणाऱ्या उपकरणाने) डॉटचा, म्हणजे प्रतिमा घडवणाऱ्या बारीक ठिपक्यांचा, भरवशाचा आकडा मिळत नाही. त्यामुळे निवाडा छापील कागदावरच करावा लागतो. मात्र कागदावर प्लेटचे आणि मशीनचे दोष एकत्र दिसतात, म्हणून ते वेगळे करता येतील अशीच चाचणी आखावी.

शाई, कागद, ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर नेणारी रबरी चादर) आणि फाउंटन सोल्यूशन (प्लेट ओली ठेवणारे पाण्याचे मिश्रण) न बदलता आधी नेहमीच्या प्लेटवर आणि मग प्रोसेसलेस प्लेटवर एकच चाचणी फॉर्म छापावा. त्यात १ ते ९९ टक्क्यांचे टिंट (डॉटनी भरलेल्या छटा), बारीक उलटी अक्षरे (गडद भागातली पांढरी), ५० टक्क्यांचा मोठा सपाट टिंट आणि १×१, २×२ व ४×४ पिक्सेलचे चौकटी पॅच (बुद्धिबळाच्या पटासारखे तुकडे) असावेत. सॉलिडची, म्हणजे पूर्ण शाईच्या भागाची, घनता (गडदपणा) दोन्ही वेळा सारखी झाल्याशिवाय कोणतीही तुलना करू नये.

सर्वाधिक वेळ भिंगाखाली द्यावा. १ व २ टक्क्यांचे डॉट तुटक दिसत असतील, तर एक्स्पोजर (प्लेटला मिळालेली लेझरची मात्रा) कमी पडल्याचा संशय घ्यावा. चौकटी पॅच तिन्ही नाममात्र ५० टक्क्यांचेच असतात, पण एक्स्पोजर चुकले की १×१ सर्वांत आधी फिकट किंवा गडद होतो. माझ्या मते इतकी बोलकी खूण दुसरी नाही. ९७-९८ टक्क्यांत पांढरे ठिपके उघडे राहिले पाहिजेत. त्यानंतर डेन्सिटोमीटरने (घनता मोजणाऱ्या उपकरणाने) ५० टक्क्यांचा पॅच मोजावा. ऑफसेट छपाईच्या आयएसओ १२६४७-२ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत कोटेड कागदासाठी तेथे १६ टक्के डॉट गेन (छपाईत डॉट मोठा होऊन होणारी वाढ) धरला आहे. फरक नियमित असेल तर तो सीटीपीच्या कर्व्हने (डॉटचे आकडे आधीच दुरुस्त करणाऱ्या आलेखाने) भरून काढता येतो.

कोऱ्या भागावर शाईची झाक दिसली, तर पाणी थोडे वाढवून पाहावे. झाक गेली, तर शाई-पाण्याच्या समतोलाकडे लक्ष द्यावे. ती हटत नसेल, तर प्लेटवर पांढरा उजेड पडला होता का, साठा जुना आहे का, हे तपासावे, कारण उजेडाने कोरा थरही कडक होऊ शकतो. ओरखडे वा पट्टे दिसल्यास प्लेट मशीनच्या दुसऱ्या युनिटवर (एकेक रंग छापणाऱ्या भागावर) लावून पाहावी: दोष तिच्याबरोबर सरकला तर तो प्लेटचा, पहिल्याच युनिटवर राहिला तर मशीनचा.

शेवटी लांब जॉबमध्ये पहिला मंजूर कागद जपून ठेवावा आणि ठरावीक अंतराने काढलेल्या कागदावरील २ टक्क्यांचे डॉट त्याच्याशी ताडून पाहावेत, कारण प्लेट झिजू लागल्याची खूण सॉलिडपेक्षा तेथे लवकर दिसते. यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणारी) शाई असल्यास हे अंतर कमी ठेवावे.