ऑक्टोबरात झुडपं वाळायला लागली तर फवारणीचा पंप उचलण्याआधी एवढं बघा

पाऊस ओसरला आणि ऊन तापायला लागलं की घरोघरी एकच तक्रार. कुंपणाची कुंती मधेच तपकिरी पडली, अनंत शेंड्याकडून वाळत चाललाय, चतुर्थीला फुलांनी भरलेली जास्वंद अचानक मान टाकून उभी. मग दुकानात जायचं, "झाड वाळतंय, काहीतरी द्या" म्हणायचं, तो एक बुरशीनाशकाची पुडी आणि एक कीटकनाशकाची बाटली देतो, दोन्ही एकाच पंपात घालून मारायचं आणि झाड तरी मरतंच. कारण रोग कुठला ते कोणी बघितलेलंच नसतं.

आधी वाळलेल्या फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवी ओली असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडी असेल तर गेली. शेंड्यापासून असं खाली खाली खरवडत या आणि हिरवं कुठे लागतं ते शोधा. फक्त शेंडे मेलेत की एकच फांदी मेलीय की सगळं झाड एकदम पिवळं-तपकिरी पडलंय, यावर पुढचं सगळं ठरतं.

सगळं झाड एकदम गेलं असेल तर पानांकडे बघूच नका, मुळं बघा. आपल्याकडे कोकणात 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्याची जमीन पाणी झिरपू देते हे खरं, पण बंगल्याभोवती कातळ फोडून खड्डे मारलेले असतात, त्यात माती भरून झाड लावलेलं, म्हणजे ती पाण्याची टाकीच झाली. जुलै-ऑगस्टात मुळं त्यात कुजतात, हवा ढगाळ असते, पानांना पाणी कमी लागतं म्हणून काही कळत नाही. ऑक्टोबरात ऊन पडलं की पानं पाणी मागतात आणि द्यायला मुळंच नसतात. माणूस म्हणतो झाडाला पाणी कमी पडतंय, आणि आणखी दोन बादल्या ओततो! बाजूची माती उकरून एक बारीक मूळ ओढून बघा, वरची साल मोज्यासारखी निघून आली, आतली तार तेवढी राहिली आणि कुजका वास आला तर मूळकूजच. पाणी बंद, आळं फोडून चर काढा, खोडाला टेकलेला पालापाचोळा आणि शेणखत मागे ओढा. अर्धी मुळं तरी पांढरी असतील तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं मिश्रण लिटरभर पाण्याला 2 ते 2.5 ग्रॅम घेऊन बुंध्याशी ओता, फवारून उपयोग नाही. सगळीच काळी पडली असतील तर झाड काढा, आणि नवीन लावताना त्याच खड्ड्यात नको, उंचवटा करून लावा.

शेंडे वाळतायत, खाली झाड बरं आहे, वाळलेल्या काडीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतायत, तर ती बहुतेक फांदीमर आणणारी बुरशी. यात औषधापेक्षा कात्री महत्त्वाची. कोरडा दिवस बघून, जिथे हिरवं लागलं त्याच्याही चार बोटं खाली कापायचं, दर कापाला कात्री स्पिरिटने पुसायची, आणि कापलेलं गडग्याच्या कडेला न टाकता जाळायचं. जाड कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. फवारणीला एक टक्का बोर्डो, घरच्यापुरतं 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्याच बादलीत. लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. त्याच दिवशी संपवा, शिळं नको. फांदीच्या बेचक्यात गुलाबीसर पापुद्रा दिसला तर तो गुलाबी रोग, काजू-फणसावर येतो तोच, उपाय हाच.

एकच फांदी वाळली, बाकी झाड ठणठणीत, तर भोक शोधा. भुसा पडलेला दिसेल, नाहीतर सालीवर भुशाची जाळीदार पट्टी. तार घालून अळी काढा, नाहीतर फांदीच उडवा. तेवढ्यासाठी अख्खं कुंपण फवारायची गरज नाही.

मालवण, वेंगुर्ले, गुहागरकडे समुद्राच्या तोंडावर घर असेल तर आधी झाड कुठल्या बाजूने करपलंय ते बघा. फक्त समुद्राकडची पानं कडेने भाजल्यासारखी, मागची बाजू हिरवी, तर ते खारं वारं. गोड्या पाण्याने पानं धुवा, नवी फूट आपोआप येते. रस्त्याकडेच्या कुंपणाची खालचीच पानं वाकडी होऊन पिवळी पडली असतील तर शेजाऱ्याने तणनाशक कधी मारलं ते विचारा, भांडण न करता.

मोरपंखीचं जरा वेगळं. आतली जुनी पानं तपकिरी होऊन गळतात ते नैसर्गिक आहे, शेंडे हिरवे असतील तर सोडून द्या. पण बाहेरूनही फिकट पडत असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी ही बारीक कीड आहे, हा त्रास उन्हाळ्यात जास्त. पाण्याचा जोरदार फवारा आतपर्यंत मारा.

एवढं करूनही कळलं नाही तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना न्या. पण पूर्ण वाळलेली काडी नेऊ नका, त्यात काही सापडत नाही. हिरवं आणि तपकिरी जिथे मिळतं तो वीतभर तुकडा आणि मूठभर बारीक मुळं मातीसकट न्या. तुकडा कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घातलात तर पोचेपर्यंत कुजेल आणि खरा रोग राहील बाजूला.