क्विअर पंक झीन काढताय? या चुका टाळा

झीन म्हणजे स्वतःच लिहून, कापून-चिकटवून, झेरॉक्स काढून वाटलेला छोटा अंक. क्विअर पंक झीन म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा क्विअर माणसांनी पंक या बंडखोर रॉक संगीताभोवती काढलेला. त्यातली सगळ्यात मोठी चूक कात्री हातात घेण्याआधीच होते, ती म्हणजे वाट बघत बसणं. आधी दोन-चार बँड उभे राहू देत, लिहिणारे जमू देत, मग अंक काढू, असं म्हणता म्हणता तो अंक कधीच निघत नाही. टोरांटोत १९८५ साली जी. बी. जोन्स आणि ब्रूस लाब्रूस यांनी 'जे.डी.ज्' हे झीन सुरू केलं, तेव्हा क्विअर पंक नावाची चळवळ कुठे होती? मूठभर मित्रमैत्रिणी होत्या, बस्स. पण अंक असा रचला, की दूर कुठेतरी बसून वाचणाऱ्याला वाटावं, टोरांटोच्या गल्लोगल्ली क्विअर पंक फिरताहेत. १९९१पर्यंत आठ अंक निघाले. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत टॉम जेनिंग्ज आणि डीक निहिल्सन यांचं 'होमोकोर' हे झीनही निघू लागलं होतं. आधी झीन आलं, माणसं मागून जमली. तुमच्याकडे आठ पानांचा मजकूर असेल तर आठ पानांचा अंक काढा.

दुसरी चूक सुराची. पहिली तीन पानं 'क्विअर म्हणजे काय' हे समजावण्यात जातात, तेही जणू कुणी जाब विचारलाय अशा सुरात. ज्याच्यासाठी अंक काढताय त्याला हे माहीतच असतं. 'जे.डी.ज्' दोन्हीकडे भांडत होतं. पंकमधल्या समलिंगीद्वेषावर ते तुटून पडायचं आणि मुख्य प्रवाहातल्या गे संस्कृतीच्या गुळगुळीतपणावरही. तुम्हाला कशाचा राग येतो, कोणत्या गाण्याने अंगावर काटा येतो, तिथून सुरुवात करा.

पानं उलटसुलट लागली तर

ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते. मधोमध दुमडून स्टेपल मारायची पुस्तिका असेल तर पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. चौदा पानांचा मजकूर म्हणजे दोन पानं कोरी, नाहीतर दोन चित्रं आणखी. संगणकावर बसण्याआधी कोऱ्या कागदांची नमुना प्रत करा. सोळा पानांसाठी ए-फोरचे चार कागद एकात एक ठेवून दुमडा, पेन्सिलीने १ ते १६ आकडे टाका आणि मग कागद सुटे करा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १ दिसतील, पाठीमागे २ आणि १५. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज प्रत्येक कागदावर १७च येते. ती आली नाही तर तिथेच गडबड आहे. पाठची बाजू डोकं खाली करून छापली जात असेल तर प्रिंटरमध्ये कागद आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडा.

कडेची अक्षरं कापली जातात, कारण झेरॉक्स मशीन कागदाच्या अगदी टोकापर्यंत छापत नाही. चारही बाजूंनी सेंटीमीटरभर जागा सोडा. जाड पुस्तिकेत आतली पानं बाहेर डोकावतात, तिथे कडा कापाव्या लागतात, म्हणून बाहेरच्या बाजूला आणखी थोडी जागा ठेवलेली बरी.

कार्यक्रमातले फोटो मुळातच काळोखे असतात, झेरॉक्समध्ये त्यांचा काळा डाग होतो. आधी उजेड वाढवा, मशीनवर फोटोची सेटिंग लावा, एक प्रत काढून बघा, मगच बाकीच्या काढा. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांच्या रेषा उमटत असतील तर पहिल्या प्रतीवर त्या व्हाइटनरने पुसा आणि तीच मूळ प्रत धरा. तिच्यापुढे प्रतीची प्रत काढत जाऊ नका, बारीक अक्षरं खाल्ली जातात.

नाव कुणाचं, परवानगी कुणाची

वरच्या चुका पुढच्या अंकात दुरुस्त होतात. ही होत नाही. गर्दीच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या मुलीने घरी काही सांगितलेलं नसेल. बेस गिटार वाजवणारा मुलाखतीत मोकळेपणाने बोलला, पण नोकरीच्या ठिकाणी तो वेगळं आयुष्य जगत असेल. 'सगळ्यांना माहितीच आहे' या वाक्यावर कधीच विसंबू नका. छापण्याआधी पान दाखवा, कोणतं नाव आणि कोणतं सर्वनाम वापरायचं ते विचारा, नाही म्हणाले तर निमूटपणे काढून टाका. टोपणनाव ही पंकची जुनीच रीत आहे, त्यात कमीपणा नाही.

पीडीएफ पाठवत असाल तर फाइलच्या माहितीत तुमचं खरं नाव लेखक म्हणून चिकटलेलं नाही ना, ते तपासा. मोबाइलच्या फोटोंत ठिकाणाची नोंद राहते, तीही काढा. टपालाने पाठवताना पाकीट साधं ठेवा, वर झीनचं नाव लिहू नका. ते पाकीट कोण उघडेल, सांगता येत नाही. जुनी झीन स्कॅन करून टाकायची असतील तर आणखी सांभाळा. ओळखीतल्या मोजक्या वाचकांसाठी छापलेलं नाव आणि पत्ता आता जगभर शोधता येतो. आधी काढणाऱ्याला गाठा, विचारा.

संगीतावर लिहिताना

'कडक', 'भन्नाट', 'आग' या शब्दांनी गाणं ऐकू येत नाही. वेग किती, गिटारचा आवाज कसा, गाणारी ओरडते की कुजबुजते, ती कुणाशी बोलतेय, ते लिहा. आणि रेकॉर्डिंग कुठे मिळेल, हे पहिल्या ओळीत द्या. झीनवाल्यांनी वाचकाला नुसत्या वर्णनावर कधी ठेवलं नाही. 'जे.डी.ज्'ने १९९०मध्ये कॅसेट काढली. डॉना ड्रेशचं 'चेनसॉ' आणि मॅट वोबेन्स्मिथचं 'आउटपंक' ही मुळात झीनच, पुढे त्याच नावांनी रेकॉर्ड लेबलं उभी राहिली.

इतिहास लिहिताना दोन चुका फार दिसतात. 'ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा' असं सांगणारं गिटारच्या तीन कॉर्डचं ते प्रसिद्ध रेखाचित्र लोक 'स्निफिन ग्लू' या जुन्या पंक झीनच्या खात्यावर टाकतात. ते छापलं होतं 'साइडबर्न्स' या फॅनझीनने. दुसरी म्हणजे क्विअरकोरला, म्हणजे या क्विअर पंक चळवळीला, रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीचं पिल्लू समजणं. रायट गर्ल १९९१च्या सुमारास ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन डीसीत आकाराला आली, तेव्हा 'जे.डी.ज्'चा शेवट आला होता. दोन्हींत माणसं आणि बँड सामाईक होते, पण क्रम उलटा लावू नका.

तारीख विसरू नका

अंक क्रमांक, महिना, वर्ष, गाव आणि संपर्कासाठी फक्त झीनपुरता उघडलेला ई-मेल, एवढं शेवटच्या पानावर असू द्या. मिलवॉकीत २००३मध्ये सुरू झालेला क्विअर झीन अर्काइव्ह प्रोजेक्ट अशी झीन जपतो आणि स्कॅन करून खुली ठेवतो. तारीख नसलेला अंक हातात आला, की तो कधीचा हे त्यातल्या कार्यक्रमांच्या जाहिरातींवरून ताडत बसावं लागतं. मूळ पानं स्टेपल न मारता सपाट ठेवा, सेलोटेपऐवजी गोंद वापरा. टेप पिवळी पडून सुटते आणि पुढच्या छपाईला तुकडे गोळा करायची वेळ येते.