माणसाच्या ब्राँकसवर एनके-१ आणि एनके-२ रिसेप्टर वेगळे कसे ओळखायचे

गिनीपिगच्या ट्रॅकियावर (मुख्य श्वासनळीवर) हात बसला की माणसाचा ब्राँकसही (फुफ्फुसातली श्वासनळीची फांदी) तसाच वागेल असं धरून चालतो आपण, आणि तिथेच फसायला होतं. गिनीपिगमध्ये एनके-१ आणि एनके-२ (न्यूरोकायनिन पेप्टाइड ज्यांवर बसतात ते दोन रिसेप्टर) दोन्ही नळी आवळतात, पण माणसाच्या मोठ्या ब्राँकसमध्ये हे काम मुख्यतः एनके-२ चं, म्हणून तिथे न्यूरोकायनिन ए (मुख्यतः एनके-२ वर बसणारं पेप्टाइड) पुढे सबस्टन्स पी (मुख्यतः एनके-१ वर बसणारं) फार कमी पडतं. आता हे ऑर्गन बाथमध्ये (टिश्यू जिवंत ठेवून त्याचं आकुंचन मोजायच्या भांड्यात) दाखवायचं कसं ते बघू.

टिश्यू बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या कॅन्सर सर्जरीतून मिळतो, एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती हातात असल्याशिवाय त्याला हात लावू नका. ट्यूमरपासून लांबचा भाग घ्या, थंड क्रेब्समध्ये (टिश्यू जगवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) आणा, पेट्री डिशमध्ये बारीक कात्रीने भोवतीचं फुफ्फुस आणि रक्तवाहिन्या सोडवा, मग ३-४ मिमीच्या रिंग कापा. हूक सरकवताना आतली बाजू खरवडायची नाही, एपिथेलियम (आतलं अस्तर) गेलं की पूर्ण कर्व्ह (डोस आणि आकुंचनाचा आलेख) सरकतो. ३७ अंश, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, टेन्शन साधारण २ ग्रॅम, तास-दीड तास स्थिरावू द्या, दर १५ मिनिटांनी धुवा. असिटाइलकोलीनलाही दाद न देणारी रिंग सरळ बाद करा.

एपिथेलियममधलं न्यूट्रल एंडोपेप्टिडेज हे एन्झाइम ही दोन्ही पेप्टाइड रिसेप्टरपर्यंत पोचायच्या आधीच तोडतं, म्हणून त्याला अडवणारं १ मायक्रोमोलर फॉस्फोरॅमिडॉन आधीच टाका, नाहीतर तुम्ही रिसेप्टर नाही, एन्झाइम मोजत बसाल.

आता इंडोमेथासिनचं (टिश्यूत प्रोस्टॅनॉइड तयार होणं थांबवणारं औषध) बघा, माझ्या मते सगळा प्रयोग इथेच ठरतो. बऱ्याच लॅबमध्ये ते सवयीनेच क्रेब्समध्ये असतं. पण साधारण १ मिमीच्या बारीक ब्राँकसमध्ये एनके-१ सुद्धा थोडं आकुंचन करतो, आणि ते प्रोस्टॅनॉइडमार्फत, म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन रिसेप्टरवरून होतं, इंडोमेथासिन दिलं की ते गायब. मग ‘माणसात एनके-१ आकुंचन करतच नाही’ असं लिहून मोकळे व्हाल, जे खरं नाही. म्हणून बारीक ब्राँकसच्या अर्ध्या रिंग इंडोमेथासिनसह आणि अर्ध्या त्याशिवाय ठेवा, आणि एनके-१ साठी त्याचा सिलेक्टिव्ह (फक्त त्यालाच चालू करणारा) अ‍ॅगोनिस्टच वापरा, सबस्टन्स पी नको, ते जास्त डोसला एनके-२ लाही धरतं.

कर्व्ह काढताना न्यूरोकायनिन ए ०.१ नॅनोमोलरपासून १ मायक्रोमोलरपर्यंत हाफ-लॉग (दर वेळी साधारण तिप्पट) पायऱ्यांनी चढवा, आधीच्या डोसचा प्लॅटो आला (आकुंचन वाढायचं थांबलं) की मगच पुढचा डोस. एका रिंगवर एकच कर्व्ह, कारण पेप्टाइडला टिश्यू पटकन सरावतो, दुसरा कर्व्ह विश्वासाचा राहत नाही, त्यामुळे कंट्रोलची रिंग त्याच ब्राँकसमधली शेजारचीच हवी.

अँटॅगोनिस्ट (रिसेप्टर अडवणारं औषध) म्हणून एनके-२ अडवणारं सॅरेड्युटंट घ्या, किमान तासभर आधी, आणि ज्यात विरघळवलंय तेवढंच सॉल्व्हंट कंट्रोललाही द्या. कर्व्ह उजवीकडे सरकला की एनके-२ पकडला (१९९८ मध्ये दम्याच्या पेशंटना हेच औषध तोंडावाटे दिल्यावर न्यूरोकायनिन ए हुंगल्याने होणारं आकुंचन कमी झालेलं दिसलं होतं, त्यामुळे बाथमधला हा रिझल्ट हवेत नाही). फक्त थांबायच्या आधी वेगळ्या रिंगवर सॅरेड्युटंट देऊन असिटाइलकोलीनचा कर्व्ह काढा. तोही सरकला तर औषध एनके-२ सोडून आणखी कुठेतरी बसतंय, मग डोस कमी करून परत करा.