नावाआधी नोंद: ब्लॉगच्या आधारे काम कसे मिळवावे

इंटरनेटवरून काम मिळवू पाहणारी बहुतेक माणसे सुरुवात स्वतःच्या वर्णनापासून करतात. ‘मेहनती, कल्पक, सर्वांशी जुळवून घेणारा’ अशी विशेषणे प्रोफाइलवर लिहिली जातात, चांगला फोटो लावला जातो आणि मग वाट पाहणे सुरू होते. काम देणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर हीच विशेषणे त्याने त्या दिवशी आलेल्या प्रत्येक अर्जात वाचलेली असतात, त्यामुळे त्याची नजर त्यांवर थांबतही नाही. त्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की आपल्यापुढे आहे तशी अडचण या व्यक्तीने पूर्वी सोडवली आहे का आणि ती सोडवताना तिने विचार कसा केला. या प्रश्नाला प्रोफाइलमध्ये पुरेशी जागा नसते. ब्लॉगमध्ये ती असते, आणि म्हणूनच ब्लॉगकडे केलेल्या कामाची जाहीर नोंदवही म्हणून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

योगायोग असा, की वैयक्तिक ब्रँडची कल्पना आणि ‘वेबलॉग’ हा शब्द या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी पुढे आल्या. ऑगस्ट 1997 मध्ये टॉम पीटर्स यांनी व्यवसायविषयक मासिकातील एका लेखात प्रत्येकाने स्वतःकडे ब्रँड म्हणून पाहावे असे मांडले, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉर्न बार्गर यांनी आपल्या वेबपानासाठी ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला. 1999 मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तो शब्द गमतीने तोडून त्यातून ‘ब्लॉग’ काढला. लॉग म्हणजे मुळात जहाजावर वेग, दिशा आणि हवामान यांची नेमाने ठेवली जाणारी नोंद. पुढे ब्रँडच्या कल्पनेचा गाजावाजा झाला आणि नोंदीचे महत्त्व मागे पडले. प्रत्यक्षात नोंद चांगली असेल तरच नावाला वजन येते.

नोंद कशाची ठेवायची, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. गेल्या सहा महिन्यांत सहकाऱ्यांनी, मित्रांनी किंवा ग्राहकांनी आपल्याला कोणकोणते प्रश्न विचारले, ते एका कागदावर लिहून काढावेत. ज्या प्रश्नासाठी लोक पुन्हा पुन्हा आपल्याकडेच येतात, तो आपला विषय. ‘मार्केटिंग’ किंवा ‘तंत्रज्ञान’ असा पसरट विषय घेतला, तर आपण हजारो लेखकांच्या गर्दीत मिसळून जातो. ‘लहान दुकानांसाठी मालाच्या नोंदी’ असा अरुंद विषय घेतला, तर वाचक थोडे मिळतात, पण त्यांतील बऱ्याच जणांना नेमके त्याच कामासाठी माणूस हवा असतो. ज्यांना अजून कामाचा अनुभव नाही त्यांनी सर्वांसाठी खुल्या असलेल्या सामग्रीवर काम करावे: एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका सुधारून द्यावी, जाहीर आकडेवारीतून एका प्रश्नाचे उत्तर काढावे किंवा विकिपीडियावरील एक अपुरा लेख पूर्ण करावा, आणि ते कसे केले हे लिहावे.

आता नोंद प्रत्यक्षात कशी लिहायची ते जवळून पाहू. समजा, आपण एक्सेलमध्ये याद्या जुळवून देण्याचे काम करता. ‘मला एक्सेल उत्तम येते’ या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: दोन याद्यांतील ग्राहकांची इंग्रजीत लिहिलेली नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसत होती, तरी एका यादीतील नाव दुसऱ्या यादीत शोधणारे व्हीलुकअप हे सूत्र काही ओळींत नाव सापडत नसल्याचे दाखवत होते. नावांच्या शेवटी जादा स्पेस, म्हणजे रिकाम्या जागा, असाव्यात असे वाटून त्या काढून टाकणारे ट्रिम हे सूत्र चालवले. काही ओळी जुळल्या, बाकीच्या तशाच राहिल्या. मग लेन या सूत्राने अक्षरे मोजली, तेव्हा सात अक्षरांच्या नावाची लांबी आठ भरली. ते आठवे, न दिसणारे अक्षर, अक्षराचा संगणकातील क्रमांक सांगणाऱ्या युनिकोड या सूत्राने तपासले, तर नेहमीच्या स्पेसचा 32 हा क्रमांक न येता 160 आला. ती वेबपानावरून मजकूर उचलताना सोबत आलेली, ओळ न तोडणारी स्पेस होती आणि तिला ट्रिम हातच लावत नाही. सबस्टिट्यूट या सूत्राने तिच्या जागी साधी स्पेस घातली, त्यावर ट्रिम पुन्हा चालवले आणि राहिलेल्या ओळी जुळल्या.

या नोंदीत स्वतःच्या कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी ती वाचणाऱ्याला लेखक अंदाजावर थांबत नाही, मोजून पाहतो, हे कळून चुकते. पहिला उपाय पुरा पडला नाही हे सांगणारे वाक्य गाळण्याचा मोह फार होतो. ते कधीही गाळू नये, कारण काम देणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती त्याच वाक्यात असते. सूत्रांची नावे कोणीही शोधून काढू शकतो. एक उपाय फसल्यावर पुढचे पाऊल कोणते टाकायचे, हे मात्र काम केलेल्या माणसालाच सुचते. आज यंत्राकडून गुळगुळीत, सर्वसाधारण सल्ल्याचे लेख कितीही लिहून मिळतात. ‘लांबी आठ भरली’ यासारखा तपशील प्रत्यक्ष काम केल्यावरच हाती येतो, आणि तो खोटा रचूही नये, कारण मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो.

शीर्षक देताना अडचणीत सापडलेला माणूस शोधयंत्रात कोणते शब्द टाइप करील, याचा विचार करावा. ‘माझा एक्सेलमधील प्रवास’ असे कोणी शोधत नाही. ‘नावे सारखी असूनही व्हीलुकअप का चालत नाही’ असे मात्र शोधले जाते. किती लिहावे, याची फारशी चिंता करू नये. महिन्याला एक पक्की नोंद ठेवली तर वर्षअखेरीस बारा होतात आणि तेवढ्या कोणाही नवख्याला पुरेशा आहेत.

लिखाण कोठे ठेवायचे, हा प्रश्न त्यापेक्षा गंभीर आहे. लोक जमलेले असतात अशा मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणे सोपे वाटते, पण ती जागा आपली नसते. याहूची जिओसिटीज ही सेवा 2009 मध्ये बहुतेक देशांत बंद झाली, गूगल प्लसची सामान्य वापरकर्त्यांची खाती एप्रिल 2019 मध्ये बंद झाली आणि त्यांच्यासोबत लोकांची अनेक वर्षांची लेखनाची ठिकाणे गेली. मलाही एका बंद पडलेल्या सेवेवरील जुने लेख परत मिळवता आलेले नाहीत आणि त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता, घ्यावे आणि ते घेताना नोंदणी आपल्याच नावावर व आपल्याच ईमेलवर आहे, याची खात्री करावी. साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर डोमेन राहू देणे ही फार महागात पडणारी चूक आहे. डॉट कॉमसारखे नाव एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी घेता येते, मुदत संपण्याआधी नूतनीकरण मात्र आपल्यालाच लक्षात ठेवावे लागते. वर्डप्रेससारख्या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीत सर्व लेख एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे, ती अधूनमधून वापरावी. मूळ लेख आपल्या डोमेनवर ठेवून त्याचा सारांश आणि दुवा मोठ्या संकेतस्थळांवर द्यावा.

लिंक्डइनसारख्या ठिकाणच्या प्रोफाइलचे काम यानंतर अगदी थोडे उरते. पहिल्या ओळीत पदनामाऐवजी आपण कोणासाठी काय करतो ते लिहावे, त्याखाली दोन-तीन नोंदींचे दुवे द्यावेत आणि सर्व ठिकाणी नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे.

लेख लिहून ठेवला म्हणजे काम आपोआप चालत येते, असे मात्र नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांची माहिती दिली होती. त्यांपैकी 16.7 टक्के लोकांची नोकरीची वार्ता देणाऱ्या व्यक्तीशी त्या काळात वारंवार भेट होत असे, 55.6 टक्के लोकांची अधूनमधून, तर 27.8 टक्के लोकांची क्वचितच. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखे आहे: जिवलग मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात, दूरच्या ओळखीच्या माणसाचा वावर मात्र वेगळ्या वर्तुळात असतो. जुने सहकारी, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेली माणसे, पूर्वीचे ग्राहक अशा वीस जणांची यादी करावी आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे लिहावे. एकच मजकूर सर्वांना एकदम पाठवू नये.

असे पत्र पुढीलप्रमाणे असू शकते: ‘नमस्कार. तीन वर्षांपूर्वी वेळापत्रकाच्या प्रकल्पावर आपण एकत्र होतो. विखुरलेल्या ग्राहकयाद्या स्वच्छ करून जुळवून देण्याचे काम मी आता स्वतंत्रपणे घेते. अशा एका कामाची नोंद सोबतच्या दुव्यावर आहे. तुमच्या पाहण्यात कोणाला ही अडचण असेल, तर हा दुवा त्यांना पाठवावा, ही विनंती.’ या पत्रात नोकरी मागितलेली नाही. समोरच्याला नकार देण्याचा अवघडलेपणा वाटत नाही, आणि पुढे पाठवायला त्याच्या हाती काहीतरी ठोस असते.

लिहिताना एक सीमा काटेकोरपणे पाळावी लागते. मालकाची किंवा ग्राहकाची गुप्त माहिती, खरी नावे आणि खरे आकडे लेखात येता कामा नयेत. उदाहरण द्यायचे असेल तर कल्पित नावांची लहान यादी तयार करावी आणि ती कल्पित आहे हे सांगावे. सहकाऱ्यांविषयीची नाराजीही ब्लॉगवर लिहू नये. अमेरिकेतील प्रसिद्ध ब्लॉगलेखिका हेदर आर्मस्ट्राँग यांची नोकरी 2002 मध्ये अशाच लिखाणामुळे गेली होती, आणि त्यांच्या संकेतस्थळाच्या नावावरून अशा बडतर्फीसाठी इंग्रजीत एक शब्दच रूढ झाला. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या फसवणुकीपासूनही सावध राहावे: काम देण्यासाठी आधी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

पहिली विचारणा आली की शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्यावे, पण दर लगेच सांगू नये. आधी मूळ फाइलचा नमुना मागावा, काम कोठे संपले असे मानायचे, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या आणि मुदत कोणती, हे विचारावे. हे सर्व ईमेलमध्ये लिहून समोरच्याचा होकार घ्यावा आणि अनोळखी ग्राहकाकडून रकमेचा काही भाग आगाऊ घ्यावा. त्याच ईमेलमध्ये आणखी एक वाक्य घालावे: ‘काम पूर्ण झाल्यावर आपले नाव व माहिती न देता मी या कामाची पद्धत माझ्या ब्लॉगवर लिहू शकते का?’ ही परवानगी सुरुवातीलाच विचारली तर बहुधा सहज मिळते, आणि ती मिळाली की फाइल उघडल्याच्या पहिल्या तासापासूनच पुढच्या नोंदीची टिपणे ठेवायला घ्यावीत.