भोक कुठल्या बाजूला आहे?

एका महिन्यात माझ्या सायकलचं मागचं चाक चार वेळा बसलं. चिडून मी मिळेल तो सगळ्यांत जाड टायर चढवला. आठवडाभरात पाचवं पंक्चर! तेव्हा कुठे ट्यूब नीट पाहिली. भोक रिमच्या बाजूला होतं. रिमटेप, म्हणजे रिमच्या आत आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी, सरकली होती आणि एका आऱ्याचं टोक ट्यूबला टोचत होतं. टायर बिचारा उगाच बदलला.

म्हणून टायर घेण्याआधी जुनी पंक्चरं तपासा. भोक आतल्या बाजूला असेल तर रिमटेप बदला, काम झालं. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती. खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. त्यावर उपाय हवा वाढवणं किंवा थोडा रुंद टायर. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल, म्हणजे काच, काटा किंवा तार, तरच पंक्चररोधक टायरचा उपयोग.

या टायरमध्ये संरक्षण दोन तऱ्हांनी देतात. एकात रबराखाली केवलारसारख्या चिवट धाग्यांचं पातळ विणकाम असतं. टायर हलका राहतो, काचेची धार त्यावर अडते. पण ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून रस्त्यावर पडणारी बारीक तार धाग्यांच्या फटीतून घुसू शकते, आणि मला तिनेच सगळ्यांत जास्त छळलंय. दुसऱ्या तऱ्हेत मऊ रबराचा जाड थर असतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये तो ५ मिलिमीटरचा आहे, साध्या मॅरेथॉनमध्ये ३. तार रुतते, पण बहुधा ट्यूबपर्यंत पोचत नाही. बदल्यात वजन वाढतं. सिग्नल सुटल्यावर पहिले चार पेडल जड जातात. मी जाड टायर फक्त मागे लावते. भार तिथेच जास्त असतो, शिवाय पुढच्या चाकाने उडवलेला कचराही मागच्याच्याच वाट्याला येतो. भरीव, बिनहवेचे टायर मात्र सुचवणार नाही. खड्ड्याखड्ड्याला मनगटं हिशोब मागतात.

माप जुन्या टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नुसतं ‘२६ इंची’ म्हणून घेऊ नका: त्याच नावाखाली ५५९ही येतो आणि ५९०ही, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. रुंदी वाढवणार असाल तर मडगार्डखाली जागा आहे का बघा.

जाड टायर चढवताना बोटं सोलवटतात. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा, बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. मग शेवटची वीतभर कड हातानेच आत जाते.

आणि अंगठ्याने दाबून हवा बघायची सवय सोडा. असा टायर हवा कमी असतानाही टणकच लागतो. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत हवा ठेवा. मी आठवड्यातून एकदा हवा भरते, तेव्हाच चाक हळूहळू फिरवून रुतलेले काचेचे कण टाचणीने उकरते. काच बऱ्याचदा एका दमात आत जात नाही, रोज थोडीथोडी सरकते. संरक्षक थराचा रंग दिसायला लागला की तो टायर उतरवते.