द्राक्षांची पेटी पाहुण्यांकडे धाडताना

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये हंगामभर माझ्या हातून द्राक्षाच्या पेट्या जातात. त्यामुळे फेब्रुवारी लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पुण्याला लेकीकडे पेटी धाडायची आहे, कशी भरू?" माझं पहिलं सांगणं ठरलेलं: ओझं पेटीने पेलायचं, मण्यांनी नाही.

म्हणून आधी पुठ्ठा बघा. पेटीच्या कापलेल्या कडेत डोकावलं की दोन सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद दिसतो. त्याच्या नळ्या भिंतीत वरून खाली, उभ्या गेलेल्या हव्यात. आडव्या असल्या तर वर दुसरी पेटी येताच भिंत दुमडते. हा नागमोडी कागद मुळात १८५६ साली इंग्लंडमध्ये उंच टोप्यांच्या अस्तरासाठी पेटंट झाला. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला घेतला. पण नुसता नागमोडी कागद ताणला की सपाट होतो. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याला सपाट कागद चिकटवला, तेव्हा कुठे त्यात ताकद आली. एवढा पातळ कागद एवढं वजन उचलतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या पुठ्ठ्याचा वैरी म्हणजे ओल. द्राक्षं धुऊन भरू नका. कोल्ड स्टोरेजमधला माल गरम हवेत आणला की त्याला घाम सुटतो. तो सुकू द्या, मगच पेटी बंद करा. बागेतून आणत असाल तर सकाळच्या गारव्यात तोडलेला माल घ्या.

घड देठालाच धरायचा. मण्यावरची पांढुरकी झाक म्हणजे त्याचं नैसर्गिक मेण, बोट लागलं की ते पुसलं जातं. फुटका मणी कात्रीने काढाच. त्याचा रस शेजारच्या मण्यांवर गेला की बुरशी धरते. तळाशी कोऱ्या कागदाची कात्रणं पसरा, देठ वर ठेवून घड तिरके लावा आणि काठाखाली बोटभर जागा सोडा. झाकण मण्यांना टेकता कामा नये. हवेच्या भोकांवर चिकटपट्टी मारू नका.

दोन-तीन पेट्या असतील तर कोपऱ्यावर कोपरा येईल अशाच रचा. विटांसारखी सांधेमोड केली की वरचं वजन खालच्या भिंतीच्या मधोमध येतं, आणि पेटीची खरी ताकद असते कोपऱ्यांत. गाडीत ठेवणाऱ्यालाही हे सांगून ठेवा.